गाणारी स्त्री आणि रहस्यकथा : मद्रासच्या वाङ्मयेतिहासातील एक प्रकरण

मद्रासच्या तिरुवल्लिक्केणी भागात, ज्याचे इंग्रज अमदानीत ट्रिप्लिकेन असे नामांतर झाले, १९२५ साली एका चोवीस वर्षांच्या गृहिणीने बंद पडलेले एक मासिक चालवावयास घेतले. मासिकाचे नाव ‘जगन्मोहिनी’ आणि त्या गृहिणीचे नाव वै. मु. कोदैनायकी अम्माळ. या मासिकातून त्यांनी ‘वैदेही’ ही आपली पहिली कादंबरी क्रमशः प्रसिद्ध केली. ही कादंबरी गुप्तहेरकथेच्या घाटाची होती. पार्थसारथी मंदिराभोवती वसलेल्या सनातनी वैष्णव वस्तीतील एका सुनेने गुन्हा, संशय आणि शोध यांची कथा लिहावी आणि ती स्वतःच्या नावाने, स्वतःच्या मासिकात छापावी, ही घटना त्या काळी किती अनपेक्षित होती हे आज सहजी ध्यानात येत नाही. पुढील सुमारे पस्तीस वर्षे त्यांनी ‘जगन्मोहिनी’ चालविली आणि या अवधीत ११५ कादंबऱ्या लिहिल्या.

कोदैनायकींचा जन्म १९०१ सालचा. आई त्यांच्या अगदी लहानपणी वारली आणि वयाच्या अवघ्या साडेपाचव्या वर्षी त्यांचा विवाह झाला. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. नवऱ्याला, वै. मु. पार्थसारथी यांना, नाटकांची आवड होती आणि तो बायकोला बरोबर घेऊन नाटकांना जात असे. त्या काळच्या मानाने ही थोडी वेगळीच गोष्ट म्हणावयास हवी. नाटके पाहून आणि घरातल्या मुलांना गोष्टी सांगून त्यांच्यातली लेखिका घडली. पण लिहिण्याचा हात वळलेला नव्हता. म्हणून ‘इंदिरा मोहना’ हे पहिले नाटक त्यांनी सांगितले आणि पट्टम्माळ नावाच्या मैत्रिणीने ते उतरवून घेतले. (ही पट्टम्माळ म्हणजे पुढे या लेखात येणारी गायिका नव्हे.) हे नाटक १९२४ साली छापले गेले. म्हणजे तमिळमधील एका अत्यंत बहुप्रसव कादंबरीलेखिकेचा आरंभ लेखणीने झालेला नाही. तो बोलण्याने झाला आहे. त्यांच्या गद्यात ऐकणाऱ्याला धरून ठेवण्याची जी हातोटी आहे तिचे मूळ येथे असावे.

याच बाई गात असत, आणि चांगले गात असत. कर्नाटक संगीताची त्यांना उत्तम जाण होती. राष्ट्रीय चळवळीच्या सभांतून त्यांनी हजारोंच्या समुदायापुढे गाणी म्हटली. डी. के. पट्टम्माळ या पुढे विख्यात झालेल्या गायिकेला जाहीर गायनासाठी उत्तेजन देणाऱ्यांत त्यांचे नाव घेतले जाते. तमिळ वाङ्मयाचे इतिहास कोदैनायकींची नोंद लोकप्रिय कादंबरीकार म्हणून दोन-चार ओळींत करतात. संगीताच्या इतिहासात त्या आल्याच तर एखाद्या तळटीपेत येतात. रहस्यकथा लिहिणारी स्त्री आणि जाहीर गाणारी स्त्री ही दोन वेगळी प्रकरणे आहेत, असे या वाटणीत गृहीत धरलेले असते. वस्तुतः १९२० नंतरच्या दोन दशकांत मद्रासमध्ये ही दोन्ही प्रकरणे एकाच प्रश्नाभोवती फिरत होती. तो प्रश्न स्त्रीच्या लौकिकाचा होता. तिच्याविषयी काय बोलले जाते, कोण बोलते आणि ते खोटे असल्यास सिद्ध कोणी करावयाचे, असे त्याचे स्वरूप होते.

मद्रासमध्ये ‘सभा’ हा शब्द मराठी वाचकाच्या परिचयापेक्षा थोड्या वेगळ्या अर्थाने वापरला जातो. तेथे सभा म्हणजे वर्गणीदार रसिकांची संगीतसंस्था. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या संधिकाळात, या सभांचा हंगाम असतो. ठरावीक श्रोते, ठरावीक खुर्च्या, गुरूंची घराणी, साथीदारांचे रुसवे, नवोदितांच्या स्पर्धा, परीक्षकांची कुजबूज असे हे जग स्वयंपूर्ण असते. इंग्रजीत ज्याला घरगुती रहस्यकथा म्हणता येईल असा जो प्रकार दोन महायुद्धांच्या दरम्यान फोफावला, त्याला नेमके असेच बंदिस्त वर्तुळ लागते. अगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ ही कादंबरी १९२६ची, म्हणजे ‘वैदेही’च्या लगतची, आणि मिस मार्पल ही विणकाम करणारी, शेजारपाजार न्याहाळणारी वृद्धा कादंबरीरूपात जीत प्रथम अवतरली ती ‘द मर्डर अ‍ॅट द व्हिकरेज’ १९३०ची. येथे रक्त फारसे दिसत नाही. सगळे एकमेकांना ओळखतात. संशय प्रत्येकावर फिरून येतो, आणि शेवटी गुन्हेगार वेगळा काढला की गाव पुन्हा पूर्वीसारखे चहा पिऊ लागते. बायकांची गायनस्पर्धा ही अशा कथेला अगदी साजेशी जागा. बक्षीस एक, इच्छुक अनेक, आणि प्रत्येकीच्या मागे एक आई, एक गुरू, एक हिशेब.

मद्रासच्या त्या काळच्या लोकप्रिय रहस्यकादंबरीचे लक्ष मात्र प्रेतापेक्षा दुसऱ्याच गोष्टीवर खिळलेले दिसते. हे कसे झाले हे समजण्यासाठी या कादंबरीची वंशावळ पाहिली पाहिजे, आणि तिचा मराठीशी असलेला भाऊबंदकीचा संबंधही. दोन्ही भाषांतील रहस्यकादंबरीचा एक समान पूर्वज आहे, तो म्हणजे जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्‌स. ज्याला इंग्लंडातील विद्वानांनी कधी पंक्तीला घेतले नाही, त्या रेनॉल्ड्‌सला भारतीय भाषांनी डोक्यावर घेतले. मराठीत गो. ना. दातारशास्त्री यांनी ‘कालिकामूर्ति’, ‘इंद्रभुवनगुहा’, ‘बंधुद्वेष’ अशा कादंबऱ्यांतून त्याला इतका बेमालूम देशी पोशाख चढविला की वाचकांच्या दोन पिढ्यांना परकेपणाची शंकाही आली नाही. तमिळमध्ये हेच काम आरणी कुप्पुस्वामी मुदलियार आणि वडुवूर दुरैस्वामी अय्यंगार यांनी केले. त्याआधी पंडित एस. एम. नटेश शास्त्री यांनी १८९४ साली ‘दानवन्’ ही तमिळमधील पहिली मानली जाणारी गुप्तहेरकथा लिहिली होती, आणि जे. आर. रंगराजू यांच्या ‘राजांबाळ’ (१९०८) पासून तर या प्रकाराला बाजारच मिळाला.

या कादंबऱ्यांच्या मध्यभागी काय आहे? ‘राजांबाळ’मध्ये एक तरुणी नाहीशी होते; ती मारली गेली असे समजून तिच्या प्रियकरावर आळ येतो, आणि गोविंदन हा गुप्तहेर सत्य उजेडात आणतो. वडुवूर यांच्या ‘मेनका’त सासरच्या माणसांच्या कारस्थानाने पत्नी घरातून दूर केली जाते, नवऱ्याच्या मनात तिच्या शीलाविषयी संशय उभा राहतो आणि त्याचे निरसन हेच कथेचे खरे गंतव्य ठरते. ख्रिस्तीच्या कथेत उलगडा झाला की खुनी सापडतो. या कथांत उलगडा झाला की स्त्री निर्दोष ठरते. शोध घ्यावयाचा तो गुन्हेगाराचा असे वरवर दिसले, तरी वाचकाचा जीव ज्याच्यासाठी टांगणीला लागलेला असतो ती वस्तू म्हणजे नायिकेचे नाव. या कथांना साहित्यगुण बेताचा होता, त्या उसनवारीच्या होत्या, त्यांतील योगायोग हास्यास्पद होते, हे सर्व खरे आहे. तथापि त्यांनी आपल्या समाजातील मुख्य भीती अचूक ओळखली होती, हेही नाकारता येत नाही. मराठीत बाबुराव अर्नाळकरांनी पुढे ‘झुंजार’ आणि ‘काळा पहाड’ यांच्या रूपाने जे जग उभे केले ते साहसाचे, वेषांतराचे आणि वेगाचे जग आहे. तेथे गिरगावातल्या पोराला पराक्रमी व्हावयाचे असते. तमिळ कादंबरीतील स्वयंपाकघराचा वास त्याला नाही. तुलनेत कोणाला उणे ठरविण्याचा येथे हेतू नाही, पण हा फरक नोंदविण्यासारखा आहे.

कोदैनायकी या परंपरेत शिरल्या त्या तिच्या सर्व सामग्रीसह. परंतु त्यांच्या लेखनात एक गोष्ट बदलली. जिच्याविषयी बोलले जाते ती आता स्वतः बोलू लागली.

त्याच सुमारास मद्रासच्या संगीतात काय चालले होते? वीणा धनम्माळ (१८६७–१९३८) यांच्या घरी शुक्रवारी संध्याकाळी होणारे वीणावादन ऐकण्यासाठी शहरातील जाणकार निमूटपणे येऊन बसत. विद्येचा मान असा होता. पण ज्या समाजातून धनम्माळ आल्या होत्या त्या देवदासी समाजाविषयी याच जाणकारांच्या घरांत काय बोलले जाई हेही सर्वश्रुत आहे. डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांनी देवदासीप्रथेविरुद्ध १९२७ पासून विधिमंडळात लढा दिला, आणि या प्रथेवरील बंदीचा कायदा मद्रासमध्ये १९४७ साली झाला. या लढ्यामागील कळकळ निःसंशय होती. मात्र त्याच दोन दशकांत गाणे ‘चांगल्या घरात’ यावे यासाठी जी धडपड झाली, तिच्यात गाणे घ्यावे आणि गाणारीला बाहेर ठेवावे अशी एक प्रवृत्ती होती. १९२७ साली मद्रासला काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याच्याबरोबर संगीत परिषद झाली आणि तिच्यातून १९२८ साली म्युझिक अकादमी स्थापन झाली. अकादमीचा ‘संगीत कलानिधी’ हा सन्मान स्त्रीला प्रथम मिळाला तो १९६८ साली, एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांना. मधली चाळीस वर्षे अकादमीच्या मंचावर बायका गातच होत्या, हे येथे आठवावे.

या प्रश्नाची तीव्रता बंगळूर नागरत्नम्मा (१८७८–१९५२) यांच्या आयुष्याइतकी दुसरीकडे क्वचितच दिसेल. मद्रासमध्ये राहून कीर्ती आणि संपत्ती मिळविलेल्या या गायिकेने १९१० साली ‘राधिकासांत्वनम्’ हे तेलुगू शृंगारकाव्य संपादून प्रसिद्ध केले. काव्याची कर्त्री मुद्दुपळनी ही अठराव्या शतकात तंजावरच्या मराठा दरबारात, प्रतापसिंह राजांच्या काळी होऊन गेली. भोसल्यांच्या दरबाराने एका गणिकेच्या विद्वत्तेचा आदर केला होता. दीडशे वर्षांनी सुधारकांना आणि सरकारला तीच विद्वत्ता अश्लील वाटली. प्रती जप्त झाल्या. पुस्तकावरील बंदी उठली ती स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, टी. प्रकाशम् यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात. सूझी थारू आणि के. ललिता यांनी भारतीय स्त्रियांच्या लेखनाचा जो संग्रह १९९१ साली सिद्ध केला त्याच्या प्रस्तावनेत ही हकीगत विस्ताराने येते आणि तेव्हापासून ती बरीच चर्चिली गेली आहे. मराठी अभ्यासकांनी मात्र तंजावरच्या आपल्या राज्यकर्त्यांविषयी लिहिताना मुद्दुपळनीकडे जितके लक्ष द्यावयास हवे होते तितके दिलेले नाही.

याच नागरत्नम्मांनी तिरुवैयारू येथे त्यागराजांची समाधी स्वतःच्या पैशाने बांधली. त्यागराजांच्या आराधनेचा उत्सव तेथे दोन पुरुष गट आपापसांत भांडत, वेगवेगळा साजरा करीत. एकाला मोठा पक्ष म्हणत, दुसऱ्याला धाकटा. स्त्रियांनी तेथे गाऊ नये याविषयी मात्र दोन्ही पक्षांचे एकमत होते. तेव्हा नागरत्नम्मांनी १९२७च्या सुमारास बायकांचा तिसरा पक्ष काढला आणि समाधीच्या मागील बाजूस बायकांचे गायन सुरू केले. समाधी जिच्या पैशाने उभी राहिली तिला समोर बसून गाण्याची परवानगी नव्हती. १९४०च्या सुमारास तिन्ही पक्ष एकत्र आले आणि स्त्री-पुरुषांनी एकत्र गाण्याची आजची रीत पडली. कोणा रहस्यकथाकाराला प्रतिस्पर्धी गट, जुने हेवेदावे आणि नदीकाठची एक समाधी असा मसाला हवा असता तर तो येथे तयार होता. पण या वैरात कोणाचा प्राण गेला नाही. पणाला लागली होती ती प्रतिष्ठा.

या सर्व प्रकरणात मराठीचा एक अंतःप्रवाह आहे. तमिळ मुलखातील हरिकथा ही तंजावरमार्गे गेलेल्या मराठी कीर्तनाची लेक. तंजावर कृष्ण भागवतरांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला तमिळ रूप दिले, तरी साकी, दिंडी, ओवी, अभंग हे मराठी छंद तिच्यात राहिले ते राहिलेच. ही हरिकथा उभे राहून, हातात चिपळ्या घेऊन, पुरुषांच्या समुदायासमोर करावयाची; म्हणून ती बायकांनी करू नये असे मानले जाई. सी. सरस्वती बाई यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ती केली आणि मद्रासमध्ये त्यांना विरोध सहन करावा लागला. महाराष्ट्रात हिराबाई बडोदेकरांनी १९२०च्या दशकात तिकीट लावून जाहीर मैफली सुरू केल्या तेव्हा त्यांनाही याच परीक्षेतून जावे लागले. साडीचा पदर अंगभर घेऊन, हातवारे टाळून, देव्हाऱ्यासमोर बसावे तशा त्या गावयास बसत, असे वर्णन जुने श्रोते करीत. हिराबाईंचे वडील अब्दुल करीम खाँ यांचे दक्षिणेशी असलेले नाते तर सर्वपरिचित आहे. १९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीस जात असता सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्थानकावर त्यांचा अंत झाला.

कांचीपुरमच्या ब्राह्मण घरातील डी. के. पट्टम्माळ (जन्म १९१९) यांनी मद्रास नभोवाणीवर १९२९ साली, वयाच्या दहाव्या वर्षी गायन केले आणि १९३२ साली रसिक रंजनी सभेत त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. ब्राह्मण मुलीने सभेत गाणे ही त्या वेळी बातमी होती. मुलीचे लग्न कसे होणार ही वडिलांची चिंता होती, आणि ती चिंता अनाठायी होती असे कोणी म्हणू शकत नव्हते. तान-पल्लवीसारखा लयीचा कठीण भाग पुरुषांचा मानला जाई, तोही पट्टम्माळ यांनी सभेत मांडला. अशा मुलीच्या पाठीशी कोदैनायकींसारखी बाई उभी राहते तेव्हा तिला केवळ रसिकता कारण नसते. दोघींना एकाच प्रकारच्या नजरेला तोंड द्यावयाचे होते.

या नजरेची वाङ्मयीन मांडणी इंग्रजीत ज्या कादंबरीने सर्वांत बारकाईने केली ती डोरोथी सेयर्सची ‘गॉडी नाइट’ (१९३५). ऑक्सफर्डमधील स्त्रियांचे एक महाविद्यालय, एकत्र राहणाऱ्या विदुषी, आणि त्यांना येऊ लागलेली गलिच्छ निनावी पत्रे. या रहस्यकथेत खून नाही. निनावी पत्रानेच एका स्त्रीसंस्थेत प्रत्येकीला प्रत्येकीचा संशय कसा येऊ लागतो याचे चित्र सेयर्सने काढले. घरगुती रहस्यकथेला प्रेताची गरज नाही, नावाला लागलेले विष पुरते, हे या कादंबरीने दाखवून दिले. तमिळ रहस्यकादंबरीला ही गोष्ट आधीपासून ठाऊक होती, फक्त ती तिला सेयर्सइतक्या नेटकेपणाने सांगता येत नव्हती.

आणि मग मद्रासमध्ये ही गोष्ट प्रत्यक्षात घडली. १९४३ साली सी. एन. लक्ष्मीकांतन नावाच्या गृहस्थाने ‘सिनेमा तूदु’ हे साप्ताहिक काढले. खोट्या दस्तऐवजांच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेला हा माणूस. नट-नट्यांच्या, विशेषतः नट्यांच्या, खाजगी आयुष्याविषयी खरेखोटे छापणे हा त्याचा धंदा. त्या काळची चित्रपट-अभिनेत्री बहुधा गायिकाही असे, कारण गाता येणे हीच पडद्यावर येण्याची पहिली अट होती. आणि तिच्या मागे देवदासी समाजाचा इतिहास असला तर बदनामीला वेगळा पुरावा लागत नसे. चित्रपटसृष्टीतील प्रतिष्ठितांनी गव्हर्नर सर आर्थर होप यांच्याकडे अर्ज केला, साप्ताहिकाचा परवाना रद्द झाला. लक्ष्मीकांतनने ‘हिंदू नेसन’ या दुसऱ्या पत्रातून तोच उद्योग पुढे चालविला.

८ नोव्हेंबर १९४४ रोजी वेपेरी भागात, वकिलाच्या घरून हातरिक्षातून परतत असता, लक्ष्मीकांतनवर सुऱ्याने हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी तो जनरल हॉस्पिटलमध्ये मरण पावला. या खुनाच्या कटात अटक झालेल्यांत एम. के. त्यागराज भागवतर आणि एन. एस. कृष्णन ही नावे आली तेव्हा मद्रास इलाखा हादरला. भागवतर हे त्या काळचे सर्वांत लोकप्रिय गायकनट. त्यांचा ‘हरिदास’ हा चित्रपट खुनाच्या जेमतेम महिनाभर आधी, दिवाळीला झळकला होता. आईवडिलांना विन्मुख झालेल्या आणि पश्चात्तापाने भक्त बनलेल्या मुलाची ती कथा मराठी प्रेक्षकाला पुंडलिकाची आठवण करून देईल. तो मद्रासच्या ब्रॉडवे चित्रगृहात तीन दिवाळ्या पाहीपर्यंत चालला. म्हणजे पडद्यावर भक्त होऊन गाणारा नायक प्रत्यक्षात तुरुंगात, आणि बाहेर त्याचे गाणे ऐकण्यासाठी रांगा, असे विलक्षण दृश्य शहराने पाहिले. कृष्णन हे तर सर्वांना हसविणारे नट.

१९४५ साली मद्रास उच्च न्यायालयात ज्यूरीसमोर खटला चालला. दिग्दर्शक श्रीरामुलू नायडू सुटले. भागवतर आणि कृष्णन यांना जन्मठेप झाली. येथील अपील फेटाळले गेले. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले, तेथून फेरविचारासाठी परत आले आणि एप्रिल १९४७ मध्ये दोघांची निर्दोष मुक्तता झाली. लक्ष्मीकांतनला कोणी मारले याचा निर्णय आजतागायत झालेला नाही. सुटकेनंतर भागवतरांना पूर्वीचे यश पुन्हा लाभले नाही. १९५७ साली कृष्णन गेले, १९५९ साली भागवतर.

या खटल्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते बहुतेक दोन पुरुषांच्या उत्थान-पतनाची कथा म्हणून. जिच्यापासून हे सारे सुरू झाले ती बदनाम होणारी गायिका-अभिनेत्री या लेखनात जवळजवळ अनामच राहते. टी. ए. मदुरम यांच्याकडे तरी अधिक लक्ष जावयास हवे होते. कृष्णन यांच्या पत्नी आणि पडद्यावरील त्यांच्या जोडीदार असलेल्या या गाणाऱ्या नटीने नवरा तुरुंगात असता नाटकमंडळी चालू ठेवली, पैसा उभा केला आणि कज्जा लंडनपर्यंत लढविला. वडुवूर किंवा रंगराजू यांच्या कादंबरीत पुरुष गुप्तहेर येऊन स्त्रीचे नाव निष्कलंक करीत असे. येथे एका बाईने पुरुषाच्या नावासाठी अडीच वर्षे झगडून तेच काम केले. तिचे चरित्र रहस्यकथेच्या अभ्यासकांनी वाचावे अशा योग्यतेचे आहे.

घरगुती रहस्यकथेशी हा खटला ताडून पाहिला की त्या प्रकाराची मर्यादा स्पष्ट होते. तेथे शेवटच्या प्रकरणात सर्वजण दिवाणखान्यात बसतात आणि सत्य सांगितले जाते. मद्रासमध्ये निकाल लागला, तो निर्दोषतेचा होता, आणि तरीही कोणाचेच पूर्वीचे आयुष्य त्याला परत मिळाले नाही.

कोदैनायकींनी या खटल्याच्या काळापर्यंत गुप्तहेरकथा बरीच मागे टाकली होती. गांधीजींच्या भेटीनंतर त्यांनी रेशमी वस्त्रे आणि दागिने सोडून खादी घेतली होती. ताडीच्या दुकानांवर आणि परदेशी कापडाच्या दुकानांवर निदर्शने करून त्या १९३२च्या सुमारास तुरुंगात गेल्या. त्या काळात मासिक नवऱ्याने सांभाळले. वेल्लोरच्या तुरुंगातही त्यांचे कादंबरीलेखन थांबले नाही. पुढील कादंबऱ्यांत विधवाविवाह, दारूबंदी, बालविवाह हे विषय येतात. टीकाकार येथे प्रगती पाहतात, आणि ती आहेच. पण कथेचा सांगाडा पुष्कळदा जुनाच राहतो. खोटा आळ, लपविलेले पत्र, उशिरा उलगडणारे सत्य. समाजसुधारणेच्या कादंबरीत त्यांनी रहस्यकथेची यंत्रणा चालू ठेवली, कारण त्यांच्या नायिकांचे मूळ संकट बदललेले नव्हते. त्यांच्या कादंबऱ्यांवर चित्रपटही निघाले, त्यांत १९३८चा ‘अनादै पेण’ प्रसिद्ध आहे.

त्यांच्या लेखनाचे दोष झाकण्याचे कारण नाही. ११५ कादंबऱ्यांत पुनरुक्ती अटळच होती. पात्रे काळी-पांढरी आहेत. उपदेश कथेच्या अंगावर येतो. १९३३ नंतर ‘मणिकोडी’ नियतकालिकाभोवती जमलेल्या लेखकांनी तमिळ कथेला जो कस दिला त्याच्या तुलनेत हे लेखन भाबडे वाटते. परंतु ‘मणिकोडी’चे वाचक थोडे होते. ‘जगन्मोहिनी’ ज्या घरांत जाई त्या घरांतील बायकांना वाचनाची सवयच या मासिकाने लावली, आणि वाङ्मयेतिहासात वाचकही मोजावयाचे असतात. याच काळात महाराष्ट्रात १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले. तेथे गुन्हा नव्हता, गुप्तहेर नव्हता, तरी सारा महाराष्ट्र शोधाला लागला, की ही विभावरी शिरूरकर कोण? बाई की बुवा? मालती बेडेकरांना टोपणनावाच्या आड राहावे लागले, कारण पुस्तकात जे होते ते नावानिशी म्हणणे परवडणारे नव्हते. कलादृष्ट्या विभावरींचे पुस्तक कोदैनायकींच्या कोणत्याही कादंबरीपेक्षा सरस आहे. पण एका शहरात लेखिकेचे नाव हेच रहस्य बनावे आणि दुसऱ्या शहरात लेखिकेने मासिकाच्या मुखपृष्ठावर नाव छापून रहस्ये लिहावीत, या भेदाचा विचार दोन्ही भाषांच्या अभ्यासकांनी एकत्र बसून केल्यास लाभ होईल.

तमिळ रहस्यकथेत गाण्याला पुढे एकदा मोठी जागा मिळाली ती सुजाता यांच्या ‘करैयेल्लाम् शेण्बगप्पू’ या कादंबरीत. लोकगीतांचा अभ्यास करण्यासाठी खेड्यात गेलेला एक शहरी तरुण, जुना जमीनदारी वाडा आणि तेथील मृत्यू असे तिचे सूत्र आहे. १९८१ साली तिच्यावर चित्रपटही निघाला. सुजाता यांचे चातुर्य आणि गद्याची चपळाई वादातीत आहे. येथे गाणे गोळा करणारा पुरुष आहे, गाणारी गावातली बाई आहे. ‘सुजाता’ हे नावही लेखकाने आपल्या पत्नीचे घेतलेले होते.

१९५६ साली कोदैनायकींचा एकुलता मुलगा गेला आणि त्यांची उमेद खचली. क्षयाने २० फेब्रुवारी १९६० रोजी त्यांचे निधन झाले. १९६६ साली त्यांच्या ‘दयानिधी’ या कादंबरीवरून ‘चित्ती’ हा चित्रपट निघाला, पद्मिनी तिच्यात नायिका होती आणि तो चांगला चालला. प्रेक्षकांपैकी बहुतेकांना मूळ लेखिका कोण हे ठाऊक नसावे. त्या काळच्या लोकप्रिय तमिळ कादंबऱ्या आणि मासिके ग्रंथालयांनी फारशी जपली नाहीत. ती जपली कोट्टैयूरच्या रोजा मुत्तय्या चेट्टियार यांनी. दुकानांच्या पाट्या रंगविणारा हा गृहस्थ रद्दीच्या भावाने पुस्तके घेत गेला. त्यांच्या पश्चात तो संग्रह चेन्नईत आला आणि १९९४ साली त्याचे रोजा मुत्तय्या संशोधन ग्रंथालय झाले. मद्रासमधील रहस्यकादंबरीचा अभ्यास ज्यांना करावयाचा आहे त्यांना आज प्रथम तेथेच जावे लागते.